घोडं कुठे पेंड खातं

रात्रीचे दहा वाजून गेले होते, म्हणजे बँड कायद्यानेच गप्प झाला होता. ठाण्यात, मानपाड्याच्या पुलाजवळच्या हॉलमध्ये वरात शिरली, डोक्यावर दिव्यांची झुंबरं धरून चालणारी पोरं वायरी गुंडाळायला बसली आणि मगाशी जिच्यावर नवरदेव होता ती पांढरी घोडी, जरीची झूल उतरवून, नुसत्या दाव्यावर घोडबंदर रोड ओलांडायला उभी राहिली. सिग्नल सुटायला चारेक सेकंद उरले असतील. घोडीवाल्याने तोंडाने चक-चक केलं आणि दोघं दुडक्या चालीने पलीकडे निघाली. दहा-बारा पावलंच, पण काँक्रीटवर, आणि वर पुलाचं छत असल्यामुळे घुमलेली. ठाक-टक, ठाक-टक. एक ठोका भरीव, दुसरा चोरटा. मान वर-खाली, वर-खाली. हॉलच्या पायऱ्यांवर फेटा सैल करत उभा असलेला एक पाहुणा शेजारच्याला कौतुकाने म्हणाला, "बघ, बँड थांबला तरी नाचतेय अजून."

ती नाचत नव्हती.

दुडकी ही घोड्याची सगळ्यांत प्रामाणिक चाल. सावकाश चालताना चारी पाय एकेक करून पडतात, चौखूर उधळला की कोण कधी पडला हे डोळ्याला कळत नाही. दुडकीत मात्र पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकत्र. दोनच ठोके, आणि निरोगी जनावरात ते अगदी सारखे. म्हणून लंगडणं पाहायचं ते दुडकीत, कडक सपाट जमिनीवर, सरळ रेषेत आणि दावं ढिलं सोडून. दावं आखडून धरलं की मान हलत नाही, आणि मान हलली नाही की काहीच कळत नाही. घोड्याचा जवळपास 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि डोकं-मान म्हणजे त्या टोकाला टांगलेलं ओझं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा हे ओझं वर फेकतो, तेवढ्यापुरता पाय हलका होतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं आणि उरलेला भार त्या बिचाऱ्यावर. दुखऱ्यावर वर, चांगल्यावर खाली. आवाजाचंही तेच, जपून टेकवलेला पाय जपूनच वाजतो. वरातीच्या घोड्यांना मान उडवायला आणि पुढचे पाय थिरकवायला मुद्दाम शिकवलेलं असतं, त्यामुळे ढोल-ताशा चालू असताना लंगडणं आणि नाचणं यांतला फरक पाहुण्यांनाच काय, मुरलेल्या माणसालाही चटकन कळत नाही. आणि गोंगाटात तर जनावर दुखणं विसरतंही. घोडा मुळात गवताळ रानातलं सावज आहे. कळपातला लंगडा वाघाच्या नजरेत आधी भरतो, हे त्याच्या रक्तात मुरलेलं आहे. सोसवेल तोवर तो दाखवत नाही. दाखवायला लागला म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

ज्या रस्त्यावर हे चाललं होतं त्याचं नावच घोड्यांवरून पडलेलं. पोर्तुगिजांच्या काळात खाडीच्या तोंडाशी अरबी घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. आता तिथे मेट्रोचे खांब, रेडीमिक्स काँक्रीटचे ट्रक आणि रिक्षांच्या रांगा. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या होत्या, त्यांच्यावर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. माथेरानला अजून घोडे चालतात, तिथे मोटारींना बंदी आहे. ठाण्यात उरली ती लग्नाची घोडी. वर्षातले काही महिने ती शहराच्या अगदी मध्यभागी, दिव्यांच्या झोतात, हजार मोबाइलसमोर असते, आणि बाकीचे महिने कुठल्या तरी गाळ्यात, पत्र्याखाली. घोड्याच्या पायांची निम्मी दुखणी या दुसऱ्या महिन्यांत तयार होतात आणि पहिल्या महिन्यांत उघडी पडतात.

आषाढी एकादशीला लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की चार महिने तबेल्यातली जमीन वाळत नाही. ओलं तणस, लेंडी, मूत, चिखल. खुराचं शिंग हे आपल्या नखासारखंच, पाण्यात राहिलं की मऊ पडतं. तळव्याच्या मध्ये रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, ज्याला इंग्रजीत बेडकाचं नाव आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा, चिकट, कुजका स्राव साठतो. त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही, सडक्या पनीरसारखा. त्यावर औषध महाग नाही. खूर रोज खरवडायचा, खाचा कापडाने कोरड्या करायच्या, आयोडीनचा पातळ द्राव कापसाने आत बसवायचा, आणि मुख्य म्हणजे अंथरूण कोरडं ठेवायचं. शेवटची गोष्ट होत नाही म्हणून पहिल्या तीन वाया जातात. मग कार्तिकात अचानक बुकिंग सुरू होतात. मऊ खुरांवर नवी नाल ठोकली जाते आणि जनावर चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर थेट काँक्रीटवर, रोज रात्री चार-चार तास. वाढलेलं शिंग न तासता जुनी नाल तशीच ठेवली तर खुराचं टोक पुढे सरकत जातं, टाच दबते, आणि प्रत्येक पावलाला पायाच्या मागच्या शिरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, ताण येतो. नाल चार ते सहा आठवड्यांनी काढून, खूर तासून, पुन्हा बसवायची असते. "अजून झिजली नाही" हे ती न काढण्याचं कारण होऊ शकत नाही. झिजते नाल, वाढतो खूर. पण नालबंदाला बोलावणं म्हणजे पैसे, आणि चांगला नालबंद ठाण्यात मिळणं म्हणजे आणखी कठीण.

"खांदा धरलाय." लंगड्या घोड्याबद्दल विचारलं की दहांतले आठ जण हेच सांगतात. यात खोटेपणा नसतो. पुढचा पाय दुखत असला की घोडा तो आखडता टाकतो, आणि आखडती चाल खांद्यातून सुरू झाल्यासारखी दिसते. त्यात खांदा मोठा, मांसल, चोळता येण्यासारखा. तेल लावता येतं, मालिश करता येते, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. खुराला चोळून काय मिळणार? पण पुढच्या पायाची बहुतेक लंगडी दुखणी खुरात किंवा खुराच्या जरा वर असतात. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायूच नाही, नुसती हाडं, दोरखंडासारख्या शिरा आणि कातडी. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर आपल्या तळहाताएवढ्या चार खुरांवर उभं असतं. सगळा मार तिथे. म्हणून दुखणं वर कुठेतरी आहे असं कोणी कितीही खात्रीने सांगितलं, तरी सुरुवात जमिनीकडूनच करायची.

आणि सुरुवात म्हणजे औषध नव्हे. पाहणं.

घोडा सपाटीवर उभा करून आधी काही न करता दोन मिनिटं बघावं. कोणता पाय पुढे टाकून विसावा देतोय? मागचा एखादा पाय टोकावर टेकवून उभं राहणं ही घोड्याची नेहमीची विश्रांती आहे, त्यात काही नाही. पुढचा पाय तसा पुढे टाकलेला असेल तर मात्र काहीतरी आहे. मग तळहाताची मागची बाजू चारी खुरांवर फिरवायची, सगळ्यांवर, कारण उन्हात उभ्या जनावराचा एका बाजूचा खूर गरमच लागतो. त्यानंतर नाडी. खुराच्या वर आखूड सरळ भाग, त्याच्या वर फुगीर सांधा. त्या सांध्याच्या मागच्या कोपऱ्यांवर, आत आणि बाहेर, दोन बोटं अलगद ठेवली की पेन्सिलीच्या शिशाएवढी रक्तवाहिनी बोटाखाली घसरते. दाबलं तर हरवते. निरोगी पायात तिचा ठोका जेमतेम लागतो, शोधावा लागतो. खुरात सूज किंवा पू असेल तर ती शोधावी लागत नाही, बोटाला धक्के देते. चारी पायांची नाडी रोज पाहायची सवय असलेला मोतद्दार दुखणं चालीत उतरायच्या आधी ओळखतो. फक्त लंगडल्यावर पाहणाऱ्याला तुलना करायला काही नसतं. मग पाय उचलून तळवा साफ करायचा, ब्रशने धुवून, आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलकेच टक् करायचं. सात-आठ खिळ्यांतल्या एकावर घोडा पाय ओढून घेईल. खिळा आतल्या जिवंत भागाच्या फार जवळून गेला असेल तर नाल ठोकल्यावर त्याच दिवशी नाही, एक-दोन-तीन दिवसांनी लंगडणं सुरू होतं. त्यामुळे "नाल तर नवीन आहे" हा बचाव नसून पुरावा असतो.

एका रात्रीत, काही घडलेलं नसताना, घोडा पाय टेकवेनासा झाला तर पाय मोडल्याची भीती वाटते, आणि ती भीती रास्तही आहे, पण बहुतेकदा ते खुरातलं गळू निघतं. खडीचा बारीक तुकडा, भेग, जुन्या खिळ्याचं भोक, कुठूनही घाण आत जाते आणि पू तयार होतो. शिंग ताणलं जात नाही, त्यामुळे दाब थेट मांसावर. नखाखाली पू झालेल्या कोणालाही याची कल्पना यावी, फक्त त्या नखावर आपण उभे आहोत असं समजायचं. लांब दांड्यांच्या पकडीने तळवा इंच-इंच दाबत गेलं की एका ठिकाणी घोडा दचकतो. तिथे काळी रेघ दिसते, ती बारीक सुरीने कोरत गेलं की राखाडी-काळं पाणी फसकन बाहेर येतं, भयानक वासाचं. पुष्कळदा त्याच दिवशी घोडा पाय टेकतो. हे कोरणं जाणकाराचंच काम आहे. मोठं भोक पाडणारे पुष्कळ भेटतात, आणि मग गळू आठवड्यात बरं होतं पण भोक भरायला महिने जातात, कारण खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवायचा, त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर खूर आणखी मऊ पडतो. कोरडा करून कापसाची गादी, तिच्यावर लहान बाळाचं डायपर आणि त्यावर रुंद चिकटपट्टीचे आडवे-उभे थर. डायपरइतकी बेतशीर गोष्ट कोणत्याही पशुवैद्यकीय दुकानात मिळत नाही. पट्टी रोज बदलायची. आणि धनुर्वाताची लस. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर क्वचितच असेल. लस वर्षाला एकदा, आणि खुराला जखम झाली तर डॉक्टरांना आठवण करून द्यायची.

एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगायला हवी, कारण हात आपोआप उलटं करतो. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर तो उपटून फेकू नये. तळव्याच्या मधल्या भागात शिरलेला खिळा आतल्या शिरेपर्यंत, सांध्यापर्यंत गेलेला असू शकतो, आणि किती खोल, कोणत्या दिशेने, हे तो आत असतानाचा एक्स-रे जसा सांगतो तसं नंतर काहीच सांगत नाही. उपटला की भोक मिटतं आणि डॉक्टर आले की दाखवायला काही उरत नाही. लाकडाचे ठोकळे खिळ्याच्या दोन्ही बाजूंना बांधून पाय उचलून धरल्यासारखा ठेवायचा, म्हणजे तो आणखी आत जात नाही. डॉक्टर लवकर येणारच नसतील आणि काढावाच लागला तर आधी फोटो, मग भोकाभोवती पेनाने खूण, आणि खिळा जपून ठेवायचा. रस्ताकामाच्या पट्ट्यात, शटरिंगच्या फळ्या पडलेल्या जागी राहणाऱ्या घोड्यांना हा धोका रोजचा आहे.

पेंडीची म्हण मराठीत कशी आली ते असो, पण घोडं जिथे पेंड खातं तिथे खरोखरच अडतं. वरातीत घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवतात, कोणी लाडू, कोणी पुरणपोळी. मूठभराने काही होत नाही. पण रिकाम्या दिवसांतही कामाच्या दिवसांएवढीच चंदी चालू ठेवली, किंवा जनावर सुटून धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसलं, तर खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी शिंगाला धरलेलं असतं ते पापुद्रेच सुजून सुटू लागतात. अशा वेळी घोडा एका पायाने लंगडत नाही. तो दोन्ही पुढचे पाय लांब टाकून, भार टाचांवर घेऊन, मागे रेलून उभा राहतो, वळायला तयार नसतो, निखाऱ्यांवर चालल्यासारखा चालतो. "आळशी झालाय" असं म्हणून त्याला चाबूक दाखवला जातो. इथे पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे. पाय सतत बर्फाच्या पाण्यात, मासळीबाजारातला चुरा बर्फ यासाठी उत्तम, पायाखाली मऊ खोल अंथरूण, चंदी बंद, फक्त सुकं गवत, आणि डॉक्टर त्याच दिवशी. दुसरं एक चंदीचंच दुखणं आहे. दोन-चार दिवस उभा राहून भरपूर खाल्लेला घोडा कामाला काढला की अर्ध्या तासात घाम, मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, लघवी चहाच्या रंगाची. पाश्चात्त्य लोक याला सोमवारचा आजार म्हणत, कारण रविवारी गाडीच्या घोड्यांना सुट्टी आणि चंदी मात्र पूर्ण. इथे चालवून मोकळा करायला जाणं म्हणजे स्नायू आणखी फाडणं. असेल तिथेच थांबवायचा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, एवढीच युक्ती.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या कोड्याचं उत्तर आपण लहानपणी पाठ केलं, फिरवलं नाही म्हणून. अडलेल्या घोड्याला ते लागूही पडेल. लंगड्याला लावताना मात्र आधी कशाने लंगडतोय ते कळायला हवं. गळवाला थोडं चालणं मानवतं, पापुद्र्यांच्या सुजेला नाही. मागच्या शिरेला इजा झाली असेल तर पहिले दोन दिवस दर थोड्या वेळाने वीस मिनिटं बर्फ, आणि मग नऊ महिने ते वर्ष. आधी पाच-दहा मिनिटं हातात धरून चालवणं, दर आठवड्याला थोडं वाढवत, मधूनमधून सोनोग्राफी. महिन्याभरात सूज उतरते, चाल सुधारते, आणि नेमकं तेव्हाच जनावर कामाला लावलं जातं. शीर वरून बरी दिसते तेव्हा आतला धागा कच्चाच असतो. दुसऱ्यांदा तुटली की ती पहिल्यासारखी होत नाही.

पण ही सगळी झाली सापडणारी दुखणी. खरी परीक्षा पुढची. खूर गार, नाडी शांत, खिळे ठीक, सूज नाही, पकडीला दाद नाही, आणि घोडा तरी लंगडतोय. आठवडाभर विश्रांती दिली की सुटतो, एका वरातीनंतर पुन्हा. अशा वेळी माणसाचा धीर सुटतो आणि सुई येते. दुखणं मारणारं इंजेक्शन दिलं की घोडा छान चालतो, सगळे खूश. त्यात दोन गोष्टी हरवतात. एक म्हणजे दुखण्याचा पत्ता, आणि दुसरं, पाय वाचवायची घोड्याची स्वतःची युक्ती. तुटू पाहणारं हाड त्याने लंगडून जपलं असतं, ते आता पूर्ण भार घेतं. शिवाय ही औषधं अंदाजाने, रोज, माणसाच्या गोळ्या मोजून दिली तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडं खराब. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक तर 2006 पासून बंद आहे, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, पण मेडिकलच्या काउंटरवर माणसासाठी म्हणून मागितलं की कोण विचारतो. सुई वाईट नाही, वेळ वाईट असते. तपासणीच्या आधी काही दिवस ती थांबवावीच लागते, कारण न लंगडणाऱ्या घोड्यात लंगडणं शोधता येत नाही.

शोधायची पद्धत जुनी आणि सुंदर आहे. आधी सरळ रेषेत दुडकी, येताना आणि जाताना. मग लहान वर्तुळात, दोन्ही बाजूंनी, कडक जमिनीवर आणि मग मातीवर. खुरातलं दुखणं बहुधा कडक जमिनीवर, दुखरा पाय आतल्या बाजूला असताना जास्त बोलतं. शिरांचं दुखणं पुष्कळदा मऊ मातीत. मग एकेक सांधा मुडपून साठ सेकंद धरायचा आणि सोडताक्षणी पळवायचा, पहिली पावलं बिघडली तर त्या सांध्यावर संशय, नुसता संशय. डॉक्टर याला शून्य ते पाच असा दर्जा देतात. शून्य म्हणजे कशातही दिसत नाही, तीन म्हणजे दुडकीत प्रत्येक वेळी दिसतं, पाच म्हणजे पाय टेकवतच नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा. आणि मग मुख्य गोष्ट, भूल. खुराच्या टाचेच्या वर दोन्ही बाजूंना कातडीखाली नस असते, तिथे दीड-दोन मिली सुन्न करणारं औषध. पाच-दहा मिनिटं थांबून टाचेला पेनाचं टोक टोचून पाहायचं, घोड्याला कळलं नाही तर पुन्हा दुडकी. चाल सुधारली तर दुखणं खुरात. नाही सुधारली तर पुढची सुई थोडी वर, मग आणखी वर. नेहमी खालून वर, कारण वर सुन्न केलं की खालचं सगळंच सुन्न. ज्या सुईला घोडा सरळ धावतो तिथे दुखणं. हाड मोडल्याचा संशय असेल तर मात्र ही वाट बंद. यात काहीतरी विचित्र आहे खरं. दुखणं कुठे आहे हे सांगायला घोड्याला भाषा नाही, म्हणून ते क्षणभर काढून घेऊन पाहायचं, ते जिथून गेलं तोच त्याचा पत्ता. थोडा वेळ ते जनावर असं धावतं की जणू कधी काही झालंच नव्हतं. मग औषध उतरतं आणि मान पुन्हा वर जायला लागते. पाहणाऱ्याला आनंद होतो, आणि त्या आनंदाची लाजही वाटते.

याच तपासणीत एक गंमत कधीकधी होते. एका पायात भूल दिली आणि घोडा अचानक दुसऱ्या पायाने लंगडायला लागला. म्हणजे दोन्ही पाय सारखेच दुखत होते, तराजूची दोन्ही पारडी समान, म्हणून काटा हलत नव्हता. असे घोडे लंगडे म्हणून ओळखलेच जात नाहीत. त्यांच्याबद्दल फक्त "पूर्वीसारखा पाऊल टाकत नाही", "अडखळतो", "कामचुकार झालाय" असं बोललं जातं. एक्स-रेलाही सगळं दिसत नाही. केसासारखी भेग पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, दहा-चौदा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहिली तर दिसते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खर्च वाया गेला असं मानणारे दुसरा काढत नाहीत, आणि नेमकं तेच महाग पडतं. काही चाली दुखण्याच्या नसतातच, गुडघ्याची वाटी अडकून मागचा पाय ताठ होणं वगैरे, तिथे कितीही भूल दिली तरी फरक पडत नाही. आणि मागच्या पायावर सूज, तिच्यात दोरीला गाठी माराव्यात तशा गाठी, फुटून वाहणाऱ्या, हे दिसलं तर लंगडण्याचा विचार सोडून घोडा वेगळा बांधायचा, हातमोजे घालायचे आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं. ते ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो, माणसालाही होतो, आणि त्याच्यासाठी 1899 मध्येच वेगळा कायदा झाला होता, आता तो जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याखाली येतो.

पण ज्याची एक घोडी, ज्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्याच्यापुढे हे सगळं मांडायचं म्हणजे काय मांडायचं, हा प्रश्न सुटत नाही. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, त्याच आवारात 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर जायला टेम्पो, टेम्पोचं भाडं, आणि ज्या रात्री सुपारी घेतलेली त्या रात्रीचा खाडा. लंगडं जनावर कामाला लावणं प्राण्यांना क्रूर वागणूक रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तरीही नवरदेवाच्या मामांना घोडी बदलून दे म्हणून सांगणारा माणूस दिसत नाही, दिसतो तो वेळ झाली म्हणून ओरडणारा. फुकटात होण्यासारखं एक आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात स्लो मोशन आहे. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच काँक्रीटवर, ढिल्या दाव्यावर, समोरून येताना आणि पाठमोरं जाताना अर्ध्या मिनिटाचं चित्रण. पाठमोरं पाहताना पुठ्ठ्याच्या दोन्ही वरच्या हाडांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावायचे. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा तुकडा जास्त वर-खाली होतो. डॉक्टर कधीही येवोत, पण "केव्हापासून" या त्यांच्या पहिल्या प्रश्नाला अंदाजाऐवजी तारीख देता येते.

आणि पाठमोरं पाहणं सोडायचं नाही, कारण मान फसवते. मागचा डावा दुखत असेल तर तो टेकताना घोडा भार पुढे ढकलतो, डोकं खाली जातं. त्याच क्षणी पुढचा उजवा जमिनीवर असतो. मग पुढचा डावा टेकताना डोकं वर आल्यासारखं दिसतं, आणि पाहणारा म्हणतो, पुढचा डावा. तो पाय तपासला जातो, तासला जातो, नाल बदलली जाते, भूल दिली जाते, आणि काहीच सापडत नाही. ज्यांचं कारण सापडत नाही त्या लंगडण्यांतली किती अशी चुकीच्या टोकाला शोधलेली असतात कोणास ठाऊक. मान आणि पुठ्ठा एकाच बाजूचे बोलत असले तर आधी मागे पाहायचं.

त्या रात्री मानपाड्याला घोडी समोरून आली होती. पुढचा डावा टेकताना मान वर जात होती, एवढं नक्की दिसलं, आणि तेवढ्यावर मनात निकाल लागूनही गेला. चोरटा ठोका कोणता होता, मान वर असतानाचा की खाली असतानाचा, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. वर असतानाचा असेल तर पुढचा पाय. खाली असतानाचा असेल तर सगळंच उलटं. ती शेजारून पुढे गेली, आता पुठ्ठे दिसणार तेवढ्यात टीएमटीची बस आडवी येऊन थांबली. बस हलली तेव्हा घोडीवाला दुभाजकाच्या पलीकडे, मेट्रोच्या खांबाला दावं अडकवून बिडी पेटवत होता, आणि घोडी उभी होती, मागचा एक पाय टोकावर टेकवून, जशी कोणतीही घोडी उभी राहते तशी. कोणता पाय, ते खांबाआड होतं.